स्नॉर्केल बसवण्याआधी: टेप, उदबत्ती आणि वीस एमएलची सिरिंज

मी पाटण तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. कोयनेच्या अंगाची आणि ढेबेवाडी खोऱ्यातली गावं माझ्याकडे आहेत. पावसाळ्यात अडलेली गाय नेमकी ओढ्यापलीकडच्या वाडीत असते आणि फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असतं. नवजाला एका हंगामात पाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस होतो, त्यामुळे आमच्याकडे फरशीवर पाणी ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून २०१७ ची थार घेतली त्याच वर्षी मी बॉनेटच्या कडेने टपापर्यंत जाणारा, इंजिनाची हवा उंचावरून घेणारा तो काळा पाइप, म्हणजे स्नॉर्केल, बसवून घेतला. आता नवीन गाडी घेतलेली पोरंपोरी विचारतात, "मॅडम, बसवू का?" माझं उत्तर असं: धुळीसाठी बसवा. पाण्यासाठी बसवणार असाल, तर त्याआधी तीन कामं करा. ती केल्यावर बहुतेकांना स्नॉर्केलची गरज उरत नाही.

आधी हे समजून घ्या की इंजिनाला पाण्याची एवढी धास्ती का. जनावराला नळकांड्याने औषध पाजताना मान फार वर उचलली आणि औषध श्वासनलिकेत गेलं, तर न्यूमोनिया होतो, कधी जनावर दगावतं. पोटात शंभर मिली गेलं तरी काही बिघडत नाही, फुप्फुसात थोडंसंही चालत नाही. इंजिनाचंही असंच आहे. माझ्या गाडीचं इंजिन २४९८ सीसीचं, सिलिंडर चार. म्हणजे एका सिलिंडरला सव्वासहाशे सीसी हवा. डिझेल इंजिन ही हवा सोळा-अठरा पट दाबतं. पिस्टन पार वर आला की वर उरणारी जागा चाळीस सीसीच्या आसपास असते. वीस एमएलच्या दोन सिरिंज भरून समोर धरा, एवढीच ती जागा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन सिरिंजपेक्षा जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला हजार वेळा हवा ओढतो, म्हणून हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं.

हवेचं तोंड उंच नेलं की ही भीती जाते, एवढं खरं. पण ते तोंड मुळात किती उंचीवर आहे हे किती जणांनी पाहिलंय? हे पहिलं काम. बॉनेट उघडा, एअर फिल्टरच्या डब्यापासून पाइप धरून उलटं जात राहा, हवा जिथून आत शिरते ते तोंड शोधा आणि जमिनीपासून टेपने मोजा. माझ्या गाडीत ते माझ्या कमरेच्या वर आलं. कंपनी सांगते ती पाण्याची मर्यादा पुस्तिकेत पाहा. नव्या थारची ६५० मिलीमीटर आहे, जिम्नीची ३००. फोर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्केल लावून येते, तिची ७००. म्हणजे स्नॉर्केल असलेल्या गाडीला स्नॉर्केल नसलेल्या थारपेक्षा फक्त पाच सेंटीमीटर जास्त. कारण पाण्यात गाडीला अडवणारं एकटं हवेचं तोंड नसतं. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर, रेडिएटरचा पंखा, दाराचे रबर हे सगळे त्याच्या आधी रांगेत उभे असतात.

आणि गाडी तरंगते. हा हिशेब मी कागदावर मांडला आणि मगच मला धडकी भरली. गाडीचा तळ साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद धरा. पाणी तळाच्या वर दहा सेंटीमीटर चढलं की सव्वापाचशे किलो वजन पाण्याने उचललं. फूटभर चढलं की पावणेदोन टनांची गाडी जवळजवळ हलकी झाली, निदान आत पाणी भरेपर्यंत. वाहत्या पाण्याला तेवढंही लागत नाही, चाकांवरचा भार कमी झाला की बाजूने एक रेटा पुरतो. म्हणजे पाणी हवेच्या तोंडाशी पोचायच्या आधीच गाडी फरशीवरून खाली गेलेली असते. स्नॉर्केल तेव्हाही टपाशी कोरडाच असतो.

दुसरं काम ब्रीदरचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला (अॅक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा), गिअरबॉक्सला आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) श्वास घ्यायला एकेक छोटी नळी किंवा टोपी असते, तोच ब्रीदर. वीस किलोमीटर पळून आलेलं डिफरन्शियल गरम असतं. ते थंडगार ओढ्यात बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून ओढ घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजलेला असेल, तर ब्रीदरमधून नाहीतर ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत येतं. गाडी त्या दिवशी ठणठणीत चालते. दोन महिन्यांनी मागून घरघर येते. माझ्या मिस्त्रींनी ड्रेन बोल्ट काढला तेव्हा ऑइलऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी पडलं. दोन बेअरिंगं गेली होती. आणि त्या पावसाळ्यात मी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात एकदाही उतरले नव्हते.

उपाय सोपा आहे. तेलाला टिकणारा रबरी होज घ्या, जुनी टोपी काढून तिथे योग्य आट्यांचं निपल बसवा, होज चेसिसच्या कडेने इंजिनखोलीत फायरवॉलच्या वरच्या भागापर्यंत आणा. अॅक्सल वर-खाली हलतो, तिथे होजला सैल वळण ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात तो उपसून येईल. सायलेन्सरपासून लांब ठेवा. वरच्या टोकाला छोटा फिल्टर लावा. चारही होज मिळून एका दिवसाचं काम आहे, आणि माझा खर्च स्नॉर्केलच्या तुलनेत किरकोळ होता.

तिसरं काम एअर फिल्टरच्या डब्याचं. माझा अनुभव इथे सांगते. स्नॉर्केल मी शहरातल्या एका गॅरेजात बसवला. दिसायला काम सुबक होतं. जुलैत एकदा गाडी वर चढताना दम टाकायला लागली म्हणून डबा उघडला. फिल्टरच्या कागदाला तळापासून तीन बोटं उंचीवर तपकिरी रेघ होती, चहाचा कप ठेवल्यावर उठते तशी. कागद फुगला होता, घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पाणी बॉनेटपर्यंत कधी आलंच नव्हतं. ते चाकाने उडवलेलं पाणी होतं. स्नॉर्केलचा पाइप जिथे डब्याला जोडला होता तिथे क्लिप एका बाजूने चढलेलीच नव्हती, आणि डब्याच्या तळाला पाणी गळायला असते ती रबरी चोच तशीच उघडी होती. टपावर तोंड आणि चाकाशेजारी भोक. अशा स्नॉर्केलपेक्षा कंपनीचा साधा पाइप बरा.

तपासायची रीत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, फक्त आयडलवर चालू ठेवा. उदबत्ती पेटवून स्नॉर्केलचा प्रत्येक जोड, डब्याच्या झाकणाची कड, तळाची चोच यांच्याजवळ हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, फटीकडे ओढला गेला तर तिथे गळती आहे. मग स्नॉर्केलच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा घट्ट दाबा. तळवा लावू नका. इंजिन दोन-तीन सेकंदांत घुसमटून बंद पडलं पाहिजे. आरामात चालत राहिलं, तर हवा दुसरीकडून येतेय, आणि पाणीही तिथूनच येणार. अॅक्सिलरेटर देऊन ही तपासणी करू नका, आतला नरम पाइप चिमटतो. गळती सापडली की सांध्यात सिलिकॉन सीलंट आणि दोन्ही टोकांना जाड होज क्लिप लावा. तळाची चोच पाण्यात उतरण्याआधी बंद करा आणि घरी आल्यावर उघडून डबा पुसा.

एवढं करूनही स्नॉर्केल हवा असेल, तर बसवताना घाई करू नका. कागदी साचा फेंडरवर चिकटवून एक दिवस तसाच ठेवा, ड्रायव्हरच्या जागेवर बसून डावीकडची वळणं दिसतात का पाहा. आधी बारीक भोक, मग मोठं. कापलेली कड कानसीने साफ करून झिंक प्रायमरचे दोन हात द्या. आमच्या पावसात उघडा पत्रा एका मोसमात गंज धरतो. बोल्टच्या प्रत्येक भोकाला रबरी वायसर आणि सीलंट हवं. वरचं तोंड समोर ठेवा, त्याच्या मागच्या बाजूला पावसाचं पाणी निथळायच्या खाचा आहेत ना ते विकत घेतानाच बोट घालून बघा. स्नॉर्केलने ताकद वाढते, मायलेज वाढतो, असं दुकानदार सांगतील. मला तरी फरक पडला नाही. खिडकी उघडी असली की कानाशी सूं-सूं आवाज येतो, आणि किंजळाच्या फांद्या अडकतात, हे मात्र रोजचं आहे.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. पत्रा कापण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, जमल्यास लेखी घ्या. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड घ्यावी लागते. पावसाळी भागात राहणाऱ्याने पहिले पैसे तिथे घालावेत.

आता धूळ. इथे मात्र मी स्नॉर्केलच्या बाजूने मनापासून बोलते. ऊसतोड सुरू झाली की कराडच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमागून जावं लागतं. धूळ जमिनीलगत दाट, टपाच्या उंचीला विरळ. आधी मला पंधरा दिवसांनी फिल्टर झटकावा लागायचा, आता महिना-सव्वा महिना निघतो. आपल्या ट्रॅक्टरकडे बघा, बॉनेटवर मान काढलेला पाइप आणि त्यावर धूळ साठवणारी वाटी किती वर्षांपासून आहे. ऑस्ट्रेलियात लँड क्रूझर ७० कारखान्यातूनच स्नॉर्केल लावून विकतात, तिथल्या लाल मातीत त्याचा मोठा उपयोग धुळीसाठीच होतो. फार धुळीत फिरणाऱ्याने स्नॉर्केलच्या तोंडावर तशी वाटी बसवावी.

पाण्यात उतरायचंच झालं तर माझा नियम एक: जे मला काठी घेऊन चालत ओलांडता येत नाही, तिथे गाडी घालायची नाही. मागच्या आषाढात मोरणा नदीच्या एका फरशीवर पलीकडून तात्या ओरडत होते, "डॉक्टरीणबाई, आत्ताच वडाप गेलं की हितनं!" वडाप म्हणजे सवारीची जीप. मी काठी टेकवली, पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. मी थांबले. म्हशीला दीड तासाने हात लावता आला, पारडू गेलं, म्हैस वाचली. ते दीड तास मला अजून आठवतात, पण गाडी घातली नाही हे योग्यच केलं. पाणी संथ असेल तर फोर-लोमध्ये (चारही चाकांना हळू पण जास्त जोर) पहिला गिअर, माणसाच्या चालीने, मध्ये क्लच दाबायचा नाही. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली की पंख्यावर पाणी कमी येतं. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून सुकवा. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नका, एकदाही नाही. बाहेर ओढून काढा, फिल्टर बघा. तो ओला असेल तर ग्लो प्लग काढून सिलिंडर रिकामे केल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका. रॉड वाकतात ते बहुतेक या दुसऱ्या चावीने.

माझी गाडी आता बदलायला आली आहे. नवीन आली की पहिल्या आठवड्यात ब्रीदरचे होज ओढून घेणार, मिस्त्रींना तसं सांगून ठेवलंय. स्नॉर्केलचं डिसेंबरात बघू, ऊस निघायला लागल्यावर.