वजन खाली येतानाही काम बायसेप्सच करतो

ट्रेनरचा कोर्स करायला आलेल्या नव्या मुलांना स्नायूंच्या आकुंचनाचे प्रकार शिकवताना मी आधी व्याख्या सांगत नाही, हातात डंबेल देतो. कोपर वाकवून वजन वर घ्या, मग सावकाश खाली आणा आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपत राहा. खाली आणताना कोणता स्नायू काम करतो, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘ट्रायसेप्स’, म्हणजे दंडाच्या मागचा, कोपर सरळ करणारा स्नायू. कोपर सरळ होतंय म्हटल्यावर तसं वाटणारच. पण बोटांना दंडाचा पुढचा भाग टणक लागतो, मागचा सैल. वजनाला खाली ओढतंय गुरुत्वाकर्षण. ते दाणकन पडू नये म्हणून बायसेप्स, म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू, त्याला धरून ठेवतोय, आणि धरता धरता स्वतः लांब होतोय.

हे हाताला कळलं की नावं सोपी जातात. ताण घेत स्नायू आखूड झाला तर कॉन्सेन्ट्रिक, ताण घेतच लांब झाला तर इसेंट्रिक, आणि सांधा न हलवता जोर लावला तर आयसोमेट्रिक. चौथा प्रकार आयसोकायनेटिक, म्हणजे एकसारख्या वेगाने होणारी हालचाल; त्याला वेग कायम ठेवणारं खास यंत्र लागतं, त्यामुळे जिममध्ये त्याची गाठ क्वचितच पडते.

माझा सगळा भर इसेंट्रिकवर असतो, कारण दुर्लक्ष होतं ते त्याच्याकडेच. १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पेडल रोखायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. लांब होताना स्नायू जास्त भार पेलतो, तोही कमी दमून. म्हणून ज्याला एकही पुल-अप जमत नाही, त्याला मी स्टुलावरून हनुवटी बारपर्यंत येईल असं चढवतो आणि फक्त सावकाश उतरायला लावतो. ताकद तिथूनच वाढायला लागते.

याची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. राजगड चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू लांब होत शरीराचा भार झेलत असतो आणि सवय नसेल तर त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच नवख्या माणसाकडून पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढून घेणाऱ्या ट्रेनरचा मला राग येतो. तो माणूस दोन दिवस जिना उतरू शकत नाही आणि तिसऱ्या दिवशी जिम सोडतो. सुरुवातीला दोन सेट पुरे. तेवढ्याने स्नायू सरावतो आणि पुढच्या वेळी त्याच व्यायामाने बरंच कमी दुखतं.

आयसोमेट्रिकसाठी प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं) किंवा भिंतीला टेकून अर्धी बैठक घ्या. मल्लखांबावर पकड धरून स्थिर राहणारी मुलं हेच करत असतात. यात श्वास कोंडू देऊ नका, रक्तदाब झपकन चढतो. समोरच्याला मोठ्याने आकडे मोजायला लावा. बोलता बोलता श्वास आपोआप सुटत राहतो. ज्यांना आधीच रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे देऊ नये.