नुसतं ‘हात लावू नकोस’ पुरत नाही

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नकोस’ एवढंच सांगितलं, तर मग करायचं काय हे त्याला कळत नाही. ते सांगा: ‘शेगडी पेटली की तू या रेषेच्या अलीकडे थांबायचं.’ जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली की हद्द डोळ्यांना दिसते. ‘गरम’ म्हणजे काय, हे कोमट कपाला हात लावू देऊन शिकवा. नुसतं ओरडलं तर मूल फक्त आपल्या आवाजाला घाबरतं. पुढचा सराव खेळातून. बाहुलीला जमिनीवर औषधाची गोळी सापडली, आता तिने काय करायचं? मोठ्यांना हाक मारायची, बस्स. (आणि औषधाला आपणच ‘खाऊ’ म्हणणं सोडायला हवं.)

काही धोके मात्र शिकवण्यावर सोडायचेच नाहीत. रिमोटमधली बटणाएवढी चपटी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली, तर २ तासांतही आतून गंभीर जखम होऊ शकते. तिचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, लगेच रुग्णालय गाठा. पाण्याजवळ तर समजूतदार मुलालाही एकटं सोडू नका. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही.