मालकीण गेली, म्हातारी मांजरं मागे राहिली: घर कसं शोधायचं

आमच्या गल्लीतल्या काकू मार्चमध्ये गेल्या आणि मागे दोन मांजरं, मनी १२ वर्षांची आणि बोका १० चा. मुलगा पुण्याला, त्याच्या घरी ॲलर्जी, आणि शेजारी म्हणतात, "म्हातारं मांजर कोण नेतंय ओ, मार्केट यार्डात सोडा की, उंदीर हायत तिथं." अहो जन्मभर आयतं ताटलीतलं खाल्लेलं मांजर तिथं कसलं टिकतंय. शिवाय उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी छळाविरुद्धच्या कायद्यात गुन्हा आहे, एवढं सांगितलं की लोक जरा गप्प होतात.

तर पहिलं काम घर शोधणं नाहीच, तेराव्यापर्यंत मांजर हरवू न देणं. घर माणसांनी भरलेलं, दार सताड उघडं, घाबरलेलं मांजर एकदा बाहेर पळालं की गेलंच. एक खोली ठरवा, आत पाणी, खाणं, वाळूचा टब, आणि दाराला कागद चिकटवा 'मांजर आहे, उघडू नका'. अजून एक, गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकायची घाई असते ना, त्यातली एक चादर आधीच बाजूला काढा, न धुता. काकूंची निळी सोलापुरी चादर होती, कडेचे दोरे सुटलेली, बामचा वास येणारी, मनी तीन दिवस तिच्याच घडीत तोंड खुपसून पडली होती.

खातंय का ते रोज बघा. सलग दोन दिवस तोंड लावलं नाही तर 'भूक लागली की खाईल' म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा, कारण उपाशी मांजराच्या अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठते आणि जिवावर बेततं, जाड्या मांजराला तर जास्तच. काय आवडतं हे सांगणारं माणूसच गेलेलं, मग भांडीवाल्या मावशींना विचारा. आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं, उजनीची चिलापी, उकडून काटे काढून, बिनमिठाची, आणि ताटलीत नाही तर स्टीलच्या झाकणात. झाकण ठेवलं, मनी उठली.

जाहिरात टाकायच्या आधी दात, वजन, रक्त-लघवी तपासून घ्या. म्हातारं मांजर खूप पाणी पितंय आणि वाळत चाललंय तर किडनी, शुगर नाहीतर थायरॉईड असू शकतं. रेबीज आणि ट्रायकॅटच्या (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) लसी झाल्यात का बघा. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला विष आहे ते. सगळे कागद एका फाईलला लावा, आणि वारसांकडून 'मांजर द्यायला हरकत नाही' असं व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या, नंतर कटकट नको.

जाहिरातीत वय लपवू नका. 'बिच्चारी अनाथ' पण लिहू नका, दया येऊन नेलेलं मांजर आठवड्यात परत येतं. खरं ते लिहा, पडद्यावर चढत नाही, टब वापरते, दुपारभर झोपते. रिटायर्ड जोडपी यासाठी बेस्ट, लहान पोरं किंवा कुत्रं असलेलं घर शक्यतो नको. घरी जाऊन गॅलरीच्या जाळीतून मांजर निसटेल का ते बघून या. दोघं एकमेकांना बिलगून झोपत असतील तर जोडी फोडू नका, कितीही उशीर लागला तरी. आमच्या दोघांचं मात्र कधी पटलंच नव्हतं, म्हणून वेगळी घरं बघितली आणि चादर मधोमध फाडून अर्धी-अर्धी दिली.

एप्रिल-मेमध्ये न्यायचं तर सकाळी सातच्या आत, बंद कॅरियरमध्ये, रिक्षाने. गाडीवर पिशवीत घालून तर अजिबात नाही. नव्या घरी आधी एकच खोली, जुनंच खाणं, बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसात थोडं थोडं मिसळत. महिनाभर बाहेर सोडायचं नाही, नाहीतर जुनं घर शोधत निघतं. आणि नेणाऱ्याला स्पष्ट सांगा, नाही जमलं तर परत आमच्याकडेच आणा, कुठं सोडू नका.

बोका नऊ दिवस दिवाणाखालीच, रात्री खायचा आणि परत आत. नेणारे काका रोज विचारायचे काही चुकतंय का, मी म्हणायचो बोलावू नका, नुसतं तिथं बसून पेपर वाचा. दहाव्या दिवशी दुपारी फोन, एकदम हळू आवाजात, "आलाय बाहेर, कूलरपुढं पसरलाय, आता मी चहाला उठू का नको कळंना."