विसाव्या शतकातल्या युरोपीय नाण्यात चांदी किती, हे कसं ओळखावं

देश पाहून चांदी ठरवू नका, साल पाहा. ब्रिटनच्या ‘अर्धा क्राउन’ या नाण्यात १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती. पहिल्या महायुद्धानंतर चांदी इतकी महागली की नाण्यातला धातूच दर्शनी किमतीहून मोलाचा झाला, म्हणून १९२० मध्ये ती ५० टक्क्यांवर आणली. १९४७ पासून नुसतं तांबं-निकेल. (आपल्या रुपयातली चांदीही १९४० मध्ये ९१.६७ वरून ५० टक्क्यांवर आली.) जर्मनीच्या ५ मार्कांत १९५१ ते १९७४ पर्यंत ६२.५ टक्के, स्विस फ्रँकमध्ये १९६७ पर्यंत ८३.५ टक्के.

साल झिजलं असेल किंवा नाणं खोटं वाटत असेल, तर घनता काढा. लोहचुंबक निरुपयोगी: तांबं-निकेलही त्याला चिकटत नाही. वजनही फसवतं, कारण अर्धा क्राउन तिन्ही काळांत १४.१४ ग्रॅमचाच होता.

०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर कोरडं नाणं तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.

आता खरी कसोटी. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा आणि अधांतरी धरा. तळाला किंवा काचेला टेकलं की आकडा वाया गेला. सुती दोरा नकोच, तो पाणी पितो. याच पायरीने मला सगळ्यात जास्त दमवलं: एकाच नाण्याचे दर वेळी वेगळे आकडे येत. कारण हवा. कडेच्या खाचांत आणि अक्षरांभोवती बारीक बुडबुडे अडकतात, पाणी जास्त सरकतं आणि अस्सल चांदीही हिणकस ठरते. उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं हलकेच झटका. आकडा तीनदा घ्या. तिन्ही जुळले नाहीत तर एकावरही विश्वास ठेवू नका.

कोरड्या वजनाला या बुडीत आकड्याने भागा, की घनता मिळते. ९२.५ टक्क्यांना १०.३६ च्या आसपास येतं, ८३.५ ला १०.२, ५० टक्क्यांना साधारण ९.५ ते ९.७, तांबं-निकेलला ८.९. अर्ध्या क्राउनमध्ये ९२.५ आणि ५० टक्क्यांत बुडीत आकड्याचा फरक जेमतेम ०.१ ग्रॅम पडतो, म्हणून स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. सहा पेन्सच्या नाण्यात तो ०.०२ च्या घरात जातो. इतकं लहान नाणं या रीतीने तपासूच नका.

सराफाच्या कसोटीवर नाणं घासू देऊ नका. तो ओरखडा कायमचा राहतो आणि संग्राहक भाव पाडतो. पाण्यातून काढलेलं नाणंही मऊ कापडाने टिपा, पुसू नका.