मोठ्या फिशटँकचा सम्प घरी करताय? आधी लाइट गेल्यावरचा हिशोब काढा

मोठी टँक म्हणजे मी इथं ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच धरतोय, म्हणजे काठोकाठ साधारण ६८० लिटर पाणी. एवढ्या पाण्याला मागं अडकवायचे छोटे फिल्टर पुरत नाहीत आणि मोठा कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यायचा तर खिशाला चांगलीच कात्री लागते, म्हणून खाली स्टँडमध्ये काचेचा सम्प करणं सगळ्यात परवडतंय. सम्प म्हणजे स्टँडमधली दुसरी छोटी टँक, वरचं जादा पाणी ओव्हरफ्लोतनं त्यात उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते रिटर्न पाइपनं परत वर टाकतो. पण बहुतेक जण प्लॅन काढताना मीडिया (पाणी साफ करणारे बॅक्टेरिया ज्यावर वाढतात ते सामान) कुठला, पंप केवढा इथनं सुरुवात करतात. तुम्ही उलटीकडनं सुरू करा. आपल्याकडं बेळगावात आषाढात वारं-पाऊस सुटला की लाइट जातेच, खानापूर भागात तर विचारूच नका, आणि ती नेमकी तुम्ही घरात नसताना जाते. म्हणून दोनच प्रश्न आधी सोडवायचे, लाइट गेल्यावर वरचं पाणी खाली येऊन कुठं मावणार, आणि लाइट आल्यावर सगळं कुणी हात न लावता परत चालू होणार का. बाकीचं सगळं या दोन उत्तरांवर बसवायचं.

त्याआधी जागा. पाणी ६८० किलो, १२ एमएमची काच धरली तर तीच सव्वाशे किलोच्या आसपास, वर सम्प, स्टँड, वाळू, दगड, म्हणजे एक टनाचा मामला आहे. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांच्या लाकडी माडीवर हे ठेवायचा विचारसुद्धा करू नका, तळमजल्यावर पक्क्या फरशीवरच ठेवा. स्टँड उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं चौकोनी पाइपचा वेल्डिंग करून मिळतो, फक्त माप तोंडी सांगू नका, कागदावर इंचात काढून द्या आणि पुढच्या बाजूला मधी पाय देऊ नका म्हणून सांगा, नाहीतर सम्प आत जाणारच नाही. सम्पच्या वर हात घालून घाण अडकवणारा कापूस काढायला निदान १० इंच मोकळे पाहिजेत.

आता हिशोब. सम्प ४८ इंच लांब, १५ रुंद, १६ उंच धरा, तो पूर्ण भरला तर १९० लिटरच्या आत-बाहेर. पंप बंद पडला की वरच्या टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत आणि रिटर्न पाइपच्या तोंडापर्यंत खाली उतरतंय. ७२ बाय २४ च्या टँकमध्ये १ इंच पाणी म्हणजे २८ लिटर, त्यात पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं धरून ३५ म्हणा. हे ३५ लिटर सम्पमध्ये आले की तिथली पातळी ३ इंच चढते. म्हणून चालू असताना सम्पच्या काठाखाली ५ इंच रिकामे पाहिजेत, मग दोन इंच हातात राहतात. रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात खोल बुडवलंत तर उलट्या सायफननं (भरलेल्या पाइपनं पाणी आपोआप ओढलं जातं त्यानं) तेवढं सगळं पाणी खाली येणार, म्हणून तोंड वरच ठेवायचं आणि पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपला ५ एमएमचं भोक पाडायचं. पाणी भोकापर्यंत उतरलं की पाइपमध्ये हवा शिरते आणि सायफन तुटतो. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका, त्यात एखादी गोगलगाय किंवा वाळूचा कण अडकला की तो गळतोच. भोकावर शेवाळ साचतंय, दर आठवड्याला दातकोरणं फिरवायचं.

उलटा हिशोबपण करा. समजा खाली जायचा पाइपच चोंदला. तर पंप त्याच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकणार. कप्पा १२ बाय १५ इंच, पाणी ८ इंच, म्हणजे साडेतेवीस लिटर, टँकमध्ये पाऊण इंचापेक्षा जरा जास्त चढेल. म्हणून टँकचा काठ पाण्याच्या वर दीड इंच तरी राहू दे आणि पंपाचा कप्पा मुद्दाम छोटाच ठेवा.

ओव्हरफ्लोसाठी काचेला भोक पाडूनच घ्या. यू ट्यूबवाला लटकता बॉक्स मिळतो, दिसायला सोपा, पण ट्यूबमध्ये हवा साचत गेली तर लाइट आल्यावर सायफन परत धरत नाही, आणि पंप मात्र इमानदारीत पाणी वर ओतत राहतो, मग हॉलभर पाणी. मागच्या काचेला वरच्या बाजूला दोन भोकं, दोन्हीला ४० एमएमचे टँक निप्पल (भोकात बसवून पाइप जोडायचे तुकडे), आणि पुढं दातऱ्या असलेला काचेचा बॉक्स म्हणजे मासे आत येत नाहीत. निप्पल आधी विकत घ्या आणि ते हातात घेऊनच काचवाल्याकडं जा, कारण चूडीचा (आट्यांचा) भाग कंपनीप्रमाणं वेगळा असतो. भोक आणि काचेचा काठ यात निदान भोकाएवढं अंतर सोडा. टफन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) काचेला भोक पडत नाही, ड्रिल टेकवलं की सगळी काच चुरा होते, म्हणून काच कुठली आहे ते टँकची ऑर्डर देतानाच विचारा.

दोन भोकं का, तर एका पाइपनं रोजचं पाणी जाणार, त्याला खाली गेट व्हॉल्व्ह लावून तो इतका आवळायचा की पाइप पूर्ण भरून वाहील, म्हणजे गुळगुळ आवाज येत नाही, रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला बरं. दुसऱ्या पाइपचं तोंड थोडं उंच, तो एरवी कोरडाच, पहिला चोंदला तरच त्यातनं पाणी जाणार. या दुसऱ्याला व्हॉल्व्ह कधी म्हणजे कधीच लावायचा नाही. आणि पहिल्या पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात फक्त एक इंच बुडवा. जास्त बुडवलं तर लाइट आल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि प्रवाह नीट धरत नाही. ही एवढीशी गोष्ट लई जण विसरतात.

सम्पचे कप्पे साधे आहेत. पहिल्यात कापूस आणि स्पंज, म्हणजे घाण तिथंच अडकते, मग एका काचेवरनं आणि दुसरीच्या खालनं पाणी फिरून मीडियाच्या मोठ्या कप्प्यात, शेवटी पंप. सिलिकॉन फिशटँकचाच घ्या, बाथरूमचा बुरशी न धरणारा चालत नाही, त्यातलं औषध माशांना बाधतंय. लावल्यावर आठवडाभर हात लावू नका, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे.

मीडियावर पैसे उधळू नका. काम मीडिया करत नाही, त्यावर वाढणारे बॅक्टेरिया करतात, ते माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना पाहिजे खरखरीत जागा आणि हवा असलेलं पाणी, बस्स. सिरॅमिक रिंग, लाव्हा रॉक, बायोबॉल, नाहीतर भांडी घासायची प्लास्टिकची कोरी जाळी, साबण असलेली नको, स्टीलची तर अजिबातच नको. ३०-४० लिटर मीडिया भरला की माफक माशांना पुरतंय. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नसारखे खादाड असतील तर कप्प्यात जमेल तेवढा वाढवा.

पंप ताशी ४ ते ६ वेळा पाणी फिरवेल असा. ६८० गुणिले ५ म्हणजे ३४०० लिटर, पण हे वर पोचल्यावरचं पाहिजे. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो आणि एच मॅक्स लिहिलेल्या उंचीला पंप थेंबही देत नाही, म्हणून ताशी ५-६ हजार लिटरचा बघा. खात्री करायला रिटर्नच्या तोंडाखाली २० लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर वेळ लावा, २० सेकंदात भरली तर ताशी ३६०० लिटर. वॅटपण बघा, ५० वॅटचा पंप महिन्याला ३६ युनिट खातोय. प्रत्येक वायर बोर्डापेक्षा खाली लोंबकळून मग वर गेली पाहिजे म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही, आणि त्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच) बसवाच, घरात पोरं असत्यात.

मासे सोडायच्या आधी नुसत्या पाण्यावर चाचणी घ्या. चालू करा, स्थिर होऊ दे, मग बटण बंद करा आणि सम्पमध्ये पाणी कुठवर चढतंय ते बघा. परत चालू करून चालू असतानाच्या पातळीला मार्करनं रेघ मारा, त्या रेघेच्या वर पाणी कधी भरायचं नाही. चार-पाच वेळा बंद-चालू करा. मग पहिला पाइप फडक्यानं बंद करून दुसरा पाणी सांभाळतोय का बघा. उन्हाळ्यात पाणी उडालं की फक्त पंपाच्या कप्प्यातलं कमी होतंय, तिथं रोज नजर पाहिजे.

त्यानंतर मीडियावर बॅक्टेरिया बसायला ४ ते ६ आठवडे थांबायची तयारी ठेवा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की मगच मासे, तेपण थोडे थोडे. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टँक असेल तर त्यांचा स्पंज मागून आणा, लवकर बसतंय. बेळगावात राकसकोप किंवा हिडकलचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन मारलेलं असतंय, ते अँटी-क्लोरीन टाकूनच वापरा. बोअरचं वापरणार असाल तर पीएच तपासा, पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर त्या दिवशी पाणी बदलू नका.

लाइट लांबली तर सम्प काही करू शकत नाही, त्यासाठी इन्व्हर्टरवर एक एअर पंप ठेवा, त्याच्या नळीचा एक एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) टँकमध्ये आणि एक मीडियाच्या कप्प्यात. रात्रभर लाइट नव्हती आणि एअर पंपही नव्हता तर चालू करायच्या आधी कापसाचा वास घ्या, सडका असेल तर तो फेकून नवा घाला. मीडिया धुवायचा झाला तर टँकच्याच पाण्यात हलकेच खळबळा, नळाखाली धरला तर क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात. दिवाळीच्या आधी घराला रंग देणार असाल तर एअर पंप रंगाच्या खोलीतनं हवा ओढणार नाही असा दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा, आणि पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तरीपण तसंच.