पांचट विनोदाला फुटलेले हसू शब्दांत कसे पकडावे?

'त्या पांचट विनोदाला ती नाइलाजाने हसली' असे वाक्य सहज लिहून होते आणि तेथेच घोटाळा होतो, कारण 'नाइलाजाने' हा शब्द दोन अगदी उलट हसण्यांना एकाच दावणीला बांधतो. एका हसण्यात हसू येत नसते आणि माणूस ते ओढून आणतो. दुसऱ्यात ते येत असते आणि माणूस ते अडवून धरतो. म्हणून शब्द शोधण्याआधी यांपैकी कोणते हसणे आपल्यासमोर आहे, हे ठरवून घ्यावे.

ओढून आणलेल्या हसण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. साहेबांच्या विनोदाला कचेरी हसते ते तोंडदेखले किंवा बळेच. विनोद आपल्यालाच लागला, तरी चारचौघांत हसणे भाग पडले, तर ते कसनुसे. 'उसने हसू' मात्र दुःख झाकणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावे. फसलेल्या विनोदावर ते खर्ची घालू नये, असे मला मनापासून वाटते.

खरी अडचण दुसऱ्या हसण्याची आहे. पंगतीत वाढपी मठ्ठा घेऊन येतो आणि काका म्हणतात, ''मठ्ठा फक्त मठ्ठ लोकांनाच वाढा हं!'' ही कोटी पुतणीने लहानपणापासून ऐकलेली असते. ती ओठ घट्ट मिटते, पानातल्या कोशिंबिरीकडे पाहू लागते, खांदे हलू लागतात आणि शेवटी फिस्सकन हसून ती म्हणते, ''काका, पुरे हो आता!'' या हसण्याला एकच एक नाम मराठीत रूढ नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातही स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत, पण ते उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींच्या पात्रांना वाटून दिलेले आहेत. हसणाऱ्याला हसायचे होते की नव्हते, हा तेथील निकष नाही. शिवाय आजच्या वाचकाला 'उपहसित' म्हटले की उपहासच आठवेल, आणि पुतणीच्या हसण्यात उपहास नसतो, माया असते.

तेव्हा नामाचा हट्ट सोडून क्रियापदाकडे वळावे. 'ती हसली' या वाक्यात हसणे तिच्या हाती आहे, तर 'तिला हसू आले', 'तिला हसू फुटले', 'तिला हसू आवरेना' या वाक्यांत हसू स्वतःच कर्ता होते आणि तिच्या इच्छेला न विचारता येते. अनिच्छा या रचनेतच मुरलेली असल्यामुळे वेगळे क्रियाविशेषण जोडावे लागत नाही. 'नको नको म्हणतानाही तिला हसू फुटले' एवढे पुरते.

त्यानंतर आवाज निवडावा. दाबलेली हवा सुटावी तसे हसू असेल तर 'फिस्सकन' नेमका बसतो. 'खुदकन' मध्ये प्रसन्नता आहे, अडवणूक नाही. 'फिदीफिदी' मध्ये आगाऊपणा येतो, आणि 'गालातल्या गालात' हसणारा मनातून खूश असतो, म्हणून हे तिन्ही येथे टाळावेत. आवाजाला एखाद्या कृतीची जोड दिली तर चित्र पुरे होते: 'तिने कपाळाला हात लावला आणि हसू दाबता दाबता फिस्सकन हसली.'

विनोदाचे विशेषणही हसण्याशी जुळले पाहिजे, याकडे फार दुर्लक्ष होते. फुसका विनोद फुटतच नाही, त्यामुळे त्याला तोंडदेखलेच हसू मिळेल. शिळ्या विनोदाला सांगणाऱ्यावरच्या लोभापोटी हसू येऊ शकते. पीजे तर ऐकणाऱ्याने वैतागून हसावे म्हणूनच मारला जातो. म्हणून तेथे 'हसू आवरले नाही' यापेक्षा 'शेवटी हसलीच' हे अधिक खरे उतरते, कारण त्या 'च' मध्ये तिने आधी किती वेळ दम धरला होता, तेही येते.