ग्रोमॅक्स शिकताना घातलेले घोळ

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एक एन्झाइम आणि त्याला चिकटणारा छोटा रेणू (लिगँड) घेतला होता. त्यांच्या अणूंची हालचाल ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरने संगणकावर पावलापावलाने मोजायची होती, म्हणजे मॉलिक्युलर डायनॅमिक्स. 20 नॅनोसेकंदांचा रन संपला, लिगँडचा आरएमएसडी (मूळ जागेपासून तो किती हलला त्याचं माप) काढला, तर आलेखात मध्येच उभी उडी: 0.2 नॅनोमीटरवरून थेट 4. लिगँड पॉकेटमधून, म्हणजे एन्झाइमच्या खाचेतून, सुटला असं समजून मी त्यावर दोन पानं खरडलीसुद्धा. लॅबमधल्या पीएचडीवाल्या ताईने एवढंच विचारलं, "ट्रॅजेक्टरी उघडून बघितलीस का?"

ट्रॅजेक्टरी म्हणजे रेणूंच्या हालचालीची नोंद. नव्हती बघितली. व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तेव्हा लिगँड सिम्युलेशनच्या बॉक्सच्या पार दुसऱ्या टोकाला. मग तिने ग्रोमॅक्सची ट्रजकॉन्व्ह ही कमांड चालवून प्रथिन मधोमध आणलं, तुटलेले रेणू जोडून घेतले, आणि उडी गायब! झालं होतं इतकंच की सगळं मिळून सरकत सरकत कडेला गेलं आणि कड ओलांडलेला लिगँड समोरच्या भिंतीतून आत आल्यासारखा नोंदला गेला. पीरिऑडिक बाउंड्री हा धडा मी परीक्षेत लिहिला होता, बरं का.

नवीन मुलं पहिला प्रश्न विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? माझं मत: तुमच्या लॅबमध्ये जे चालतं तेच. अडलात की शेजारी विचारता येतं. कोणीच नसेल तर ग्रोमॅक्स घ्या. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात जन्मलेलं, फुकट आणि वेगवान. पायथॉन येत असेल तर ओपनएमएम, पॉलिमर किंवा धातूंवर काम असेल तर लॅम्प्स. अँबर आणि चार्म ही नावं मात्र सॉफ्टवेअरचीही आहेत आणि फोर्स फील्डचीही (अणूंमधल्या बलांची सूत्रं आणि आकडे), तिथे हमखास गोंधळ होतो. अँबरचं फोर्स फील्ड ग्रोमॅक्समध्ये खुशाल चालतं.

डोकं घालायचं ते फोर्स फील्डमध्ये. प्रथिनाला चार्म36 लावलं तर लिगँडला त्याच्याच जोडीचं सीजेनएफएफ. प्रथिनाला अँबर, तर लिगँडला गॅफ. मी एकदा सरमिसळ केली होती. रन बिनतक्रार चालला, आणि तोच खरा धोका: सॉफ्टवेअर ओरडत नाही, आकडे देत राहतं. लिगँडचे हायड्रोजन आणि प्रोटोनेशनही (कुठल्या अणूवर प्रोटॉन आहे ते) आधीच तपासा. क्रिस्टल स्ट्रक्चरच्या पीडीबी फाइलमध्ये (अणूंच्या जागांची यादी) हायड्रोजन बहुधा नसतातच.

सरावाला कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम हे प्रथिन घ्या. 129 अमिनो आम्लं, साध्या लॅपटॉपवरही झेपतं. प्रभार +8 येतो, तो शून्य करायला 8 क्लोराइड आयन टाकावे लागतात. ते टाकताना प्रोग्रॅम विचारतो, कुठल्या गटातले रेणू काढून त्यांच्या जागी आयन बसवू? उत्तर पाण्याचा गट. मी घाईत प्रथिन निवडलं होतं. पुढचं सांगत नाही.

एनपीटीमध्ये (दाब आणि तापमान स्थिर ठेवायचा टप्पा) दाब 1 बार ठेवला आणि आलेख उणे-अधिक शेकडो बार हेलकावे खाताना दिसला, तर घाबरू नका. एवढ्याशा बॉक्समध्ये तो तसाच नाचतो. सरासरी बघा, घनता स्थिरावली का ते बघा. लिंक्सच्या (बंधांची लांबी कायम ठेवणारी पद्धत) वॉर्निंगा धडाधड यायला लागल्या तर मात्र थांबा. कुठेतरी अणू एकमेकांवर चढलेत. टाइमस्टेप (एका पावलाचा वेळ) कमी करून वेळ मारून नेऊ नका, मागे जाऊन एनर्जी मिनिमायझेशन (सुरुवातीला अणूंची दाटी सैल करणं) नीट झालंय का ते पाहा.

वेळेचं गणितही आधीच करा. 2 फेम्टोसेकंदांच्या पावलाने 1 नॅनोसेकंदाला 5 लाख पावलं, 100 ला 5 कोटी. जीपीयू मिळत असेल तर रांगेत उभं राहायला लाजू नका. पुण्यात आयसर या संशोधन संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, पण अशा मशीनवर जायच्या आधी लिनक्सचं टर्मिनल आणि जॉब स्क्रिप्ट (काम रांगेत लावायची फाइल) हाताखालून गेलेली हवी.

आणि चेकपॉइंट फाइल (रन कुठवर आला त्याची नोंद) डिलीट करू नका. रन चालवणारी एमडीरन कमांड ती न सांगता दर 15 मिनिटांनी लिहिते. रात्री लॅबची वीज गेली तेव्हा तिसऱ्या दिवसात आलेला माझा रन मी त्या फाइलवरून, सीपीआय हा पर्याय लावून, सकाळी पुढे सुरू केला. शेजारच्याने जागा कमी पडते म्हणून त्याची फाइल आदल्या दिवशीच उडवली होती.